अर्धा दाब

भिशी लागली बत्तीस हजारांची,
नोटांना दोन रबरं.
बायको म्हणाली, वॉशिंग मशीन.
पोरगा म्हणाला, बँकेत टाका.
माझं मत मी आमटीबरोबर गिळलं
आणि शनिवारी पाळी सुटल्यावर, हाताला ऑइलचा वास तसाच,
शाहूपुरीत गेलो.

शौकत बागवान कॅमेरे मांडत गेला
गुजरीत बाजूबंद मांडतात तसे, निळ्या कापडावर.
बजेट विचारलं, सांगितलं.
मग म्हणाला, "मामा, फोटो कशाचे काढणार?"

हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

त्यानं एक लांबडं नळकांडं पुढं केलं :
रंकाळ्यावरचा बगळा पीस अन् पीस मोजता येईल.
पण बगळ्याची माझी ओळख नाही.
दुसऱ्याचे मेगापिक्सेल इतके
की मला आमचे परचेसचे साहेब आठवले,
तेही मोठा आकडा आधी सांगतात.
तिसरा खिशात मावणारा,
मोबाईलचा चुलतभाऊ. तोंड तेच, नुसता रुबाब जास्त.

चौथा वापरलेला.
इचलकरंजीच्या एका लग्नवाल्याचा,
कोपऱ्याचं रबर सैल, पट्ट्याला हळदीचा डाग.
"सव्वीस हजार वेळा शटर पडलंय," शौकत हळूच म्हणाला,
व्यंग सांगावं तसं.

हे मात्र मला लगेच कळलं.
यंत्राचं वय वर्षांत नसतं, फेऱ्यांत असतं.
उद्यमनगरात माझ्या लेथच्या फेऱ्या कुणी मोजल्या नाहीत,
नाहीतर मीही त्या निळ्या कापडावर
अर्ध्या किमतीत बसलो असतो.

त्याची काच पुढं-मागं होत नव्हती.
"जवळचं हवं तर चालत जावं लागतंय."
म्हटलं, पाय आहेत की.
काच उजेडाकडं धरून त्यानं आतल्या पाकळ्या दाखवल्या :
सात, एकीवर एक सरकत मिटत आलेल्या,
ना तेल, ना कुरकुर, ना केसभर फट.
त्या कुणी घासल्या असतील?
कुठल्यातरी देशात चष्मा कपाळावर सारून
कुणीतरी म्हणाला असेल, एक सूत जास्त झालं, परत धर.
मी त्याला मनात नमस्कार केला आणि भाव पाडायचा विसरलो.

एकोणीस हजार.
उरलेले तेरा वॉशिंग मशीनच्या नावानं,
असं रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं.

निघताना शौकतनं बोट धरून शिकवलं होतं :
"बटण पूर्ण दाबायचं नाही. अर्धं.
आधी ते बघतंय, मग तुम्ही."
हत्यार जॉबला टेकतं
आणि अजून चिप निघत नाही,
त्या जागेला आमच्यात नाव नाही.
तीस वर्षं मी तिथंच कमावून खाल्लं.

कशाचे फोटो, ते मंगळवारी कळलं.
शेजारच्या फाउंड्रीत हीट होती.
सिदगोंडा लॅडल घेऊन वाकला,
गळ्यात ओला टॉवेल, डोळे बारीक,
आणि लोखंड ओतायला लागला.
लाल म्हणावं तर लाल नव्हे, पिवळं नव्हे,
साय धरलेलं ऊन.
बाकी सगळं काळं : शेड, पत्रा, माणसं,
फक्त त्याच्या हनुवटीखालून उजेड वर चढत होता.

मी बटण अर्धं दाबलं.
कॅमेऱ्यानं पाहिलं, टिक् केलं, थांबला.
मीही थांबलो.
एक साचा भरला. दुसरा. सहावा.
ठिणग्या माझ्या बुटापर्यंत येऊन विझल्या.
लॅडल रिकामी झाली
आणि बोट होतं तिथंच होतं.

टॉवेलनं तोंड पुसत सिदगोंडा आला.
"आला का रं फोटो? दाव की."
मी मागचा पडदा त्याच्याकडं वळवला.
त्यावर आदल्या रात्रीचा एकच फोटो :
बायकोचा हात, कॅमेऱ्याच्या आडवा,
"किती दिले?" विचारताना.

"पुढच्या हीटला," म्हटलं.
"बरं," म्हणाला, आणि लॅडलच्या तोंडाची
राख झाडायला लागला. तेवढ्यात उजेड गेला होता.